ग्राहकाच्या घरात कुत्रा असेल तर: एसी, वॉशिंग मशीन आणि आरओच्या नव्या टेक्निशियनसाठी

जेट पंप कसा लावायचा, गॅस किती भरायचा, पीसीबी कसा तपासायचा हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. दार उघडल्यावर समोर तीस किलोचा लॅब्रॅडॉर उभा असेल तर काय करायचं, हे मात्र बहुतेक नवी मुलं पहिल्या महिन्यात एकट्यानेच, घाबरत घाबरत शिकतात. त्या शिकण्यात कुणाच्या पोटरीला दात लागतात, कुणाच्या हातून ग्राहकाचा कुत्रा जिन्यावरून पळून जातो. दोन्ही टाळता येतं.

मालक दारातच एक वाक्य म्हणतात: "काही करत नाही हो तो." ते खोटं बोलत नसतात. घरच्यांना, शेजाऱ्यांना, रोजच्या मावशींना तो काही करत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण डोक्यावर टोपी घातलेला अनोळखी माणूस घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून भिंतीवरची वस्तू खोलतोय, खालून पंपाचा आवाज येतोय आणि घरभर केमिकलचा वास सुटलाय, अशा वेळी तो काय करतो हे त्यांनीही पाहिलेलं नसतं. म्हणून नियम एकच धरा. काम सुरू होण्याआधी तुमच्यात आणि कुत्र्यात एक बंद दार हवं. दार शक्यच नसेल तर मोठ्या माणसाच्या हातात धरलेला पट्टा हवा. सोफ्याच्या पायाला अडकवलेला पट्टा यात मोजायचा नाही, कारण जोर लावला की सोफा सरकतो.

निघण्याआधीचा फोन

अर्धं काम इथेच होतं. पत्ता आणि वेळ विचारताना हे प्रश्नही विचारून घ्या:

– घरात कुत्रा किंवा मांजर आहे का?
– काम चालू असताना त्याला वेगळ्या खोलीत ठेवता येईल का? कोणत्या खोलीत?
– तेव्हा घरी कोण असेल?

"कुत्रा चावतो का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "नाही" असंच येतं, वर ग्राहक दुखावतो. जागेबद्दल विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. मालकाने फोनवर कुत्र्याचं नाव घेतलं, तर तुम्हीही नावानेच बोला. "ब्रुनोला कुठे ठेवाल?" हे "कुत्र्याला कुठे बांधाल?" पेक्षा चांगलं लागतं.

कोणती खोली, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथे ठरलेल्या चुका होतात. पहिली म्हणजे कुत्र्याला बाल्कनीत ठेवणं. मालकाला ती सोयीची जागा वाटते, पण स्प्लिट एसीचं आऊटडोअर युनिट बहुतेक वेळा त्याच बाल्कनीत असतं. अर्धं काम झाल्यावर तुम्हाला तिथे जावंच लागतं आणि मग दोघंही अडचणीच्या जागेत समोरासमोर येतात. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत असेल तर तीच गत. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात बाल्कनीत कोंडणं कुत्र्यासाठीही धोक्याचं आहे.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. तुम्ही एसीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली करता. जुन्या वायरिंगमध्ये त्याच लाइनवर शेजारच्या खोलीचा पंखाही असतो. बंद खोली, पंखा नाही, बाहेर चाळीस अंश, आणि आत पग किंवा शिह त्झू. चपट्या नाकाची ही कुत्री धापा टाकून अंग नीट थंड करू शकत नाहीत, त्यांना उष्माघात फार लवकर होतो. म्हणून एमसीबी पाडल्यावर मालकांना त्या खोलीत डोकावून पंखा चालू आहे का ते बघायला सांगा. पाण्याचं भांडंही आत आहे का ते विचारा.

दोन बेडरूममध्ये दोन एसी असतील तर क्रम आधीच ठरवा. आधी एक खोली पूर्ण करायची, हत्यारं बाहेर काढायची, फरशी पुसायची, मग कुत्रा त्या खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या. अर्धं इथलं, अर्धं तिथलं असं केलं की दार सतत उघडत राहतं. दोन स्प्लिट एसींच्या जेट सर्व्हिसला (पंपाच्या पाण्याने धुण्याला) दीड ते दोन तास लागतात, हे मालकांना आधी सांगा. म्हणजे त्याला आधी बाहेर फिरवून आणता येतं. शू-शी झालेला, दमलेला कुत्रा बंद खोलीत झोपून जातो. न फिरवलेला दार खरवडत बसतो आणि दहाव्या मिनिटाला कुणाला तरी दया येऊन दार उघडलं जातं.

घरी फक्त लहान मुलं किंवा कामाच्या मावशी असतील तर वेळ बदलून घ्या. कुत्रा ज्याचं ऐकतो तो माणूस घरात हवा.

अंगावर आणि बॅगेत काय असावं

जाड कापडाची फुल पॅन्ट घाला. आपल्याकडे दारात चपला-बूट काढावे लागतात, त्यामुळे घोटा आणि पाऊल उघडं पडतं, आणि छोटी कुत्री नेमकी तिथेच तोंड घालतात. जाड मोजे घाला, किंवा बुटावर चढवायची कव्हरं सोबत ठेवा आणि "बुटावर कव्हर घालून आलो तर चालेल का?" असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

हेल्मेट, रेनकोट, तोंडावरचा रुमाल किंवा मास्क खाली पार्किंगमध्येच काढा. माणसाचा चेहरा आणि आकार ओळखू आला नाही की कुत्री बिथरतात. पावसाळ्यात रेनकोटचा सळसळ आवाज आणि हेल्मेटने दिसेनासा झालेला चेहरा, एवढ्यावरच शांत कुत्रंही भुंकायला लागतं.

जेवणाचा डबा हत्यारांच्या बॅगेत ठेवू नका. बीगल किंवा लॅब्रॅडॉर बॅगेजवळून हलणार नाही आणि तुम्ही पाना काढायला हात घातला की ती "त्याची" बॅग झालेली असेल. डबा गाडीच्या डिकीत ठेवा.

बॅगेत साबणाची वडी, बेटाडिनची छोटी बाटली, गॉज आणि स्क्रू ठेवायला चुंबकाची वाटी असू द्या. बिस्किटं ठेवू नका. बिस्किटाने कुत्रा शांत होतो असं अनेक जण सांगतील. पहिली दोन बिस्किटं संपेपर्यंत तो शांत असतो हे खरं आहे. मग तो तुमच्या अंगाशी येऊन तिसरं मागतो, घोड्याला पाय लावतो, हुंगत बॅगेत शिरतो. शिवाय त्याला डायबेटिस आहे का, गव्हाची ॲलर्जी आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसतं. खायला द्यायचंच असेल तर ते मालकांनी द्यावं.

फाटक, जिना, दार

फ्लॅट असेल तर खालूनच फोन करा: "खाली आलोय, पाच मिनिटांत वर येतो. तेवढ्यात त्याला आत ठेवता का?" बेल वाजली की कुत्रा दाराकडे झेपावतो, मालक एका हाताने त्याला ओढत दुसऱ्या हाताने कडी काढतात, आणि नेमक्या त्या क्षणी दार उघडतं. फोन केला की हा सगळा गोंधळ होतच नाही.

बेल वाजवावीच लागली तर एकदाच वाजवा आणि दोन पावलं मागे, बाजूला उभे राहा. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात किंवा मोबाइल आत धरू नका. बॅग खांद्यावर नको, समोर गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरा. दार उघडल्यावर कुत्रा मोकळा दिसला तर आत पाऊल टाकू नका. "मी इथेच थांबतो, तुम्ही त्याला आत ठेवून या," एवढंच म्हणा.

बंगला, रो-हाऊस किंवा फार्महाऊस असेल तर फाटकाबाहेरून फोन करा. "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी असो वा नसो, फाटक स्वतः उघडून आत जायचं नाही. पोर्चमध्ये साखळीला बांधलेला कुत्रा असेल तर त्याच्यापासून किती लांबून जायचं याचा हिशोब करा: साखळीची लांबी, त्यात कुत्र्याच्या अंगाची लांबी, वर आणखी एक मीटर. साखळी जमिनीवर गुंडाळलेली असते तेव्हा ती छोटी वाटते. तिचं दुसरं टोक कशाला अडकवलंय तेही बघा. गंजलेली कडी, ढिला गळपट्टा किंवा बागेतल्या नळाला गुंडाळलेली दोरी दिसली तर पुढे जाऊ नका. बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची वाट नसते. घाबरल्यावर लांब जाता येत नाही, म्हणून तो हल्ला करतो. मोकळेपणी शांत असणारे कितीतरी कुत्रे साखळीला बांधल्यावर चिडके होतात.

सोसायटीच्या आवारातली मोकळी कुत्री हा वेगळा भाग. ती बाइकच्या मागे धावली तर वेग वाढवू नका, हळू करा आणि थांबा. बाइक थांबली की बहुतेक वेळा त्यांचा पाठलागही थांबतो. पाय उचलून झाडू नका, तोल जाऊन होणारी इजा चावण्यापेक्षा मोठी असते.

कुत्रा काय सांगतोय

"भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण कामावर विसरा. भुंकणारं कुत्रंही चावतं, न भुंकणारंही चावतं. आवाजापेक्षा अंगाकडे बघा.

शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. शेपटी कशी हलतेय ते बघायचं. कमरेपासून सगळं अंग हलत असेल, शेपटी सैल, पाठीच्या उंचीला किंवा खाली असेल, तोंड थोडं उघडं असेल, तर तो खरंच स्वागत करतोय. शेपटी उंच, ताठ आणि छोट्या झटक्यांनी हलत असेल, अंग पुढे झुकलेलं आणि तोंड मिटलेलं असेल, तर तो चेतलेला आहे आणि पुढचं पाऊल तुमच्यावर अवलंबून आहे.

घाबरलेला कुत्रा ओळखायला जास्त सराव लागतो, आणि घरात चावणारी बरीच कुत्री घाबरलेलीच असतात. तो शेपूट पायांत घालतो, कान मागे पाडतो, मान वळवतो पण डोळे तुमच्यावरच ठेवतो, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. झोप आलेली नसताना जांभई देतो, समोर खायला नसताना ओठ चाटतो. तो सोफ्याखाली किंवा टेबलाखाली जाऊन बसला तर तो "शांत बसलाय" असं समजू नका. मशीनची वायर काढायला तुम्ही त्याच टेबलाखाली हात घालाल तेव्हा त्याला मागे जायला जागा उरलेली नसते.

एक खूण मात्र पक्की लक्षात ठेवा. हलता-फिरता कुत्रा अचानक पुतळ्यासारखा थिजला, श्वाससुद्धा थांबल्यासारखा वाटला, तर तुमचा हात जिथे असेल तिथेच थांबवा. थिजणं आणि चावणं यांत एखादा सेकंद असतो.

गुरगुरणं ही तक्रार नसून सूचना आहे. त्यावर मालक ओरडले, "ए, गप!" तर तुम्ही नम्रपणे सांगा की ओरडू नका, त्याला आत घेऊन जा. ओरडा खाऊन खाऊन कुत्रं गुरगुरायचं बंद होतं, पण घाबरायचं बंद होत नाही, आणि मग न सांगता चावतं.

जात बघून अंदाज बांधायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर अंगावर उड्या मारतात, हत्यार तोंडात घेऊन पळतात. चावण्यापेक्षा घोड्यावरून पाडण्याची भीती त्यांच्याकडून जास्त. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर घर राखतात आणि तुमचा प्रत्येक फेरा मोजतात. पॉमेरेनियन आणि शिह त्झू यांना लोक खेळण्यासारखं समजतात, पण घोट्याला सर्वांत आधी तेच दात लावतात, आणि मालक त्यांना बंद करायला सर्वांत जास्त कंटाळा करतात. गावठी कुत्री बहुधा अंतर राखून बघत राहतात. त्यांना त्यांचं अंतर द्या, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. म्हातारं, कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं कुत्रं झोपेत दचकून चावतं. पिल्लं असलेल्या कुत्रीच्या खोलीत काम घेऊच नका, तारीख पुढे ढकला.

दोन गोष्टी कधीच करू नका. डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका, कारण वरून येणारा हात त्याला धमकी वाटतो. आणि त्याचं खाण्याचं भांडं, खेळणं, गादी पायाने सरकवू नका. ती मशीनच्या आड येत असेल तर मालकांना उचलायला सांगा.

मालक ऐकत नसतील तर

इथे नवी मुलं गप्प बसतात, कारण रेटिंगची भीती असते. पण हे न भांडता सांगता येतं. कुत्र्याला दोष न देता कामाचं कारण द्या:

"ताई, तो गुणीच आहे. पण मशीन उघडल्यावर माझे दोन्ही हात अडकलेले असतात आणि खाली स्क्रू, तांब्याचे तुकडे पडतात. त्याच्या तोंडात गेले तर पंचाईत. एवढा वेळ त्याला आत ठेवा, मी थांबतो."

हे कारण खरंही आहे, आणि मालकांना तुमच्यापेक्षा कुत्र्याची काळजी जास्त पटते. काका, काकू वयस्कर असतील आणि त्यांना मोठा कुत्रा ओढत नेणं जमत नसेल, तर दुसरा मार्ग काढा. त्यांनी त्याच्यासोबत त्याच खोलीत बसावं आणि दार आतून लावून घ्यावं. पेमेंट आणि सही नंतर.

तरीही नकार आला तर दहा मिनिटं थांबा, सुपरवायझरला फोन करा, ग्राहकासमोरच शांतपणे परिस्थिती सांगा आणि दुसरी वेळ घ्या. चिडून निघून जाऊ नका, आणि "बघू, करून टाकतो" असंही करू नका. अर्धं उघडलेलं मशीन सोडून पळावं लागलं तर दोन्हीकडून नुकसान.

काम चालू असताना

कुत्र्याला माणसाच्या दुप्पट वारंवारतेपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपल्याला किरकिर वाटणारं ड्रिल त्याला फार त्रास देतं. कोअर कटिंग, ब्लोअर, जेट पंप यांतलं काहीही चालू करण्याआधी मालकांना हाक मारून सांगा: "आवाज होणार आहे, दहा मिनिटं." लीक टेस्टसाठी भरलेला नायट्रोजन एकदम सोडू नका. तो फुस्सकन सुटणारा आवाज ऐकून बंद खोलीतलं कुत्रंही दारावर उड्या मारतं. व्हॉल्व्ह हळू उघडा. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांनी कुत्री आधीच घाबरलेली असतात, तेव्हा आवाजाचं काम सकाळी लवकर उरका.

घोड्यावर चढण्याआधी खोलीचं दार स्वतः लावा आणि कडी घाला. नुसतं लोटलेलं दार कुत्रा नाकाने उघडतो. लिव्हरसारखी मूठ असेल तर पंजाने खाली दाबून उघडणारीही कुत्री असतात. हेल्पर असेल तर त्याला दाराकडे तोंड करून उभं करा.

आता फरशीकडे बघा. जेट सर्व्हिसमधून निघालेलं काळं पाणी कुत्री चाटतात. त्यात धूळ, बुरशी आणि कॉइल क्लीनर असतो. बादली झाकून ठेवा, शेवटी ती थेट बाथरूममध्ये ओता आणि फरशी कोरड्या फडक्याने पुसा. डिस्केलिंग पावडर, ॲसिड, कॉइल क्लीनर यांच्या बाटल्या काम संपेपर्यंत उघड्या बॅगेत राहता कामा नयेत.

केबल टायची कापलेली शेपटं, पाइपवरच्या फोमचे तुकडे, आरओच्या नळीचे तुकडे, इन्सुलेशन टेप: हे सगळं चघळण्याजोगं असतं, आणि फोमचा तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनपर्यंत वेळ येते. तांब्याचा कीस पंजात रुततो. रिमोटचे जुने सेल खिशात टाका, टेबलावर ठेवू नका. सेल चावला की आतलं क्षारयुक्त द्रव तोंड आणि अन्ननलिका भाजतं. ब्रेझिंग केलेला (आगीने तापवून जोडलेला) जॉइंट दिसायला थंड वाटतो, पण बराच वेळ पोळत राहतो. बाल्कनीचं दार तो पूर्ण निवेपर्यंत बंदच ठेवा. स्क्रू काढतानाच मोजा आणि चुंबकाच्या वाटीत टाका. बसवताना एक कमी पडला तर शोधल्याशिवाय उठू नका.

तुमच्यासोबत पेस्ट कंट्रोलचं काम करणारे असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. उंदीर मारायच्या केकमधलं ब्रोमॅडिओलोन हे विष रक्त गोठू देत नाही, आणि त्याची लक्षणं लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात. म्हणून पाकीट फेकू नका, ग्राहकांना द्या. कुत्र्याने केक खाल्ल्याची शंका आली तर ते पाकीट जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला लागतं. यावर व्हिटॅमिन के-१ चा उतारा चालतो, पण वेळेत दिला तरच.

कुत्रा मोकळा सुटला तर

पळू नका, ओरडू नका, हात वर उचलू नका. हात छातीशी घ्या, अंग थोडं तिरकं करा, नजर जमिनीकडे ठेवा आणि उभे राहा. तो येऊन हुंगेल, हुंगू द्या. तुम्ही आधीच्या घरून आला असाल आणि तिथेही कुत्रा असेल तर तो पॅन्ट बराच वेळ हुंगेल, त्याने घाबरू नका. मालकांना हळू आवाजात सांगा: "त्याला बोलावून घ्या." मालकांनी त्याला तुमच्याजवळ येऊन गळपट्ट्याने ओढण्यापेक्षा लांबून नावाने किंवा खाऊ दाखवून बोलावणं चांगलं. तुमच्या पायाशी ओढाताण झाली की तो चिडून जवळचं जे असेल त्याला चावतो.

घोड्यावर असाल तर खाली उतरू नका, वरच थांबा. हातातलं ड्रिल बंद करा.

खरंच धावून आला तर बॅग, पाइपची गुंडाळी, जॅकेट, जे हातात असेल ते त्याच्या आणि स्वतःच्या मध्ये धरा. दात लागायचेच तर त्या वस्तूला लागू देत. पाना किंवा लाथ मारू नका. मार खाल्लेला कुत्रा मागे हटण्यापेक्षा जास्त वेळा चिडतो, आणि जनावराला मारहाण करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पडलात तर पोटावर वळा, गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही हातांनी मानेचा मागचा भाग झाका आणि हलू नका. त्याने हात किंवा पाय धरून ठेवला तर झटक्याने ओढू नका, ओढल्याने जखम फाटते.

कुत्रा तुमच्या बाजूने घराबाहेर पळाला, तर त्याच्यामागे धावू नका. तो आणखी लांब जाईल. जिन्याचा खालचा दरवाजा किंवा सोसायटीचं गेट बंद करायला वॉचमनला फोन करायला सांगा, आणि मालकांना पुढे जाऊ द्या. हे टाळायचं असेल तर आऊटडोअरकडे होज पाइप नेताना मुख्य दार उघडं टाकून आत-बाहेर करू नका.

दात किंवा नख लागलं तर

काम तिथेच थांबवा. जखम वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांतच झालं असं वाटतं. रेबीजपासून वाचवण्यात या धुण्याचा वाटा खूप मोठा आहे. मग बेटाडिन लावा. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी काहीही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका आणि टाके घालायची घाई करू नका. रक्तस्राव जास्त असेल तर स्वच्छ गॉजने दाब द्या आणि १०८ ला फोन करा.

त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते. कातडीतून दात आत गेले, रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि ते जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं असेल तर लस लागत नाही, धुतलं की पुरे. सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणून आजही काही जण टाळतात, पण ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शनं दंडात देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. तारखा चुकवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारा.

"आमच्या कुत्र्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत," असं मालक सांगतील. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मोबाइलवर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, पण तेवढ्यावर स्वतःचा पहिला डोस पुढे ढकलू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. या दहा दिवसांत तो आजारी पडला, मेला किंवा हरवला तर लगेच कळवा, असं मालकांना सांगून त्यांचा नंबर डॉक्टरांकडे नोंदवा.

सुपरवायझरला लेखी कळवा: वेळ, पत्ता, जखमेचा फोटो, कुत्रा कुठे होता. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर कामावर असताना झालेली इजा म्हणून नोंद करून घ्या. मालकाचा निष्काळजीपणा स्पष्ट असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली तक्रार होऊ शकते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बहुतेक प्रकरणं उपचाराचा खर्च देऊन मिटतात आणि तसं मिटणंच बरं, पण तारीख आणि फोटो हाताशी हवेतच.

रोज पाच-सहा घरं करणाऱ्या माणसाने चावण्याआधीची लस घेऊन ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे. तीन डोस असतात: ०, ७, आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. पुढे कधी कुत्रा चावलाच तर फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ व्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जखम धुणं मात्र तेव्हाही तितकंच लागतं.

निघताना

काम झालं की सगळे गाफील होतात. मालक खूश होऊन म्हणतात, "आता सोडू का त्याला?" तुम्ही म्हणा, "मी दाराबाहेर गेल्यावर सोडा." आधी हत्यारं मोजा, बॅग बंद करा, फरशीवरून हात फिरवून बघा, खोलीत नेलेलं सामान बाहेर काढा. ओटीपी, पेमेंट आणि जॉब शीटवरची सही सेफ्टी डोअरच्या बाहेर उभं राहून घ्या. बूट घालायला दारात वाकला असाल तेव्हा तुमचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. कुत्रा आत बंद असेपर्यंत बूट घाला, किंवा जिन्यात जाऊन घाला.

शेवटी जॉब शीटवर पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहा. "डेंजर कुत्रा" असं लिहू नका, ते ग्राहकही वाचतो आणि त्यातून काही कळतही नाही. नेमकं लिहा: "जर्मन शेफर्ड, मोठा. खालून फोन केला तर मागच्या बेडरूममध्ये ठेवतात. आऊटडोअर हॉलच्या बाल्कनीत. ड्रिलच्या आवाजाला घाबरतो. हॉलच्या एमसीबीवर मागच्या बेडरूमचा पंखाही बंद होतो."